बिनजिन्याच्या घरातला हेडफोन

मी एक हेडफोन बोलतोय. दोन कान आणि एक तोंड, एवढाच माझा देह. तोंड म्हणजे गालाशी वळवून घ्यायचा माइकचा दांडा. त्या दांड्याला सध्या काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, माथ्यावरची पट्टी वाकडी झाली आहे आणि डावा कान पार गेला आहे. असा अवतार असूनही मी बोलणार. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं इकडून तिकडं पोचवत आलो, आज जरा माझं ऐका.

माझा जन्म कारखान्यातला. सरकत्या पट्ट्यावरून येताना एका मुलीनं मला उचललं, कानांत बारीक सूर सोडून पाहिला, माइकमध्ये दोनदा हॅलो म्हणाली आणि मग वायरीवरच्या चपट्या डबीतलं बटण दाबलं. तांबडा दिवा लागला आणि माझं तोंड बंद झालं. हे माझं म्यूटचं बटण. ते दाबल्यावर माणूस काहीही बोलो, पलीकडे शुकशुकाट. मला त्या बटणाचा भारी अभिमान होता. ऐकू येणं काय, कुणालाही येतं. वेळेवर गप्प बसणं सगळ्यांना जमत नाही.

पहिली नोकरी तक्रारी ऐकण्याच्या ऑफिसात लागली. रांगेनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पोरगा किंवा पोरगी, आणि त्यांच्या डोक्यावर माझे भाऊबंद. पलीकडून माणसं आईबहिणीवरून शिव्या घालायची. इकडची पोरं बटण दाबायची, त्याहून सणसणीत शिवी हासडायची किंवा दोन हुंदके देऊन घ्यायची, आणि बटण सोडून गोड आवाजात विचारायची, आपली काय सेवा करू? इंग्रजी मी तिथंच शिकलो. पण ते दारावर लाथा घालणाऱ्यांचं इंग्रजी. एक दिवस एका पोरानं शांतपणे हेडफोन काढून ठेवला आणि खुर्ची उचलून समोरच्या पडद्यावर घातली. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा पोरगा होता. पुढं ऑफिसच बंद पडलं आणि आम्हाला पोत्यात कोंबून जुन्या मालाच्या दुकानात विकलं.

तिथं मला माझी बाई भेटली. सगळी गिऱ्हाइकं आधी आवाज कसा आहे ते बघतात. हिनं आधी बटण बघितलं. चार वेळा दाबून पाहिलं, दुकानदाराला पलीकडे उभं करून हळू बोलली, मोठ्यानं बोलली, आणि काही ऐकू येत नाही अशी खात्री झाल्यावरच मला पिशवीत टाकलं. हिचं घर कसं असेल, याचा अंदाज मला तेव्हाच यायला हवा होता.

तिचा नवरा लोखंडी फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. सगळे त्याला फाटकवाला म्हणत. पुढं पत्र्याचं वर्कशॉप, त्यात कटर, वेल्डिंगचं यंत्र, ऐरण, भिंतीला टेकवलेल्या सळया. मागं ओळीनं दोन खोल्या, त्यांच्या मागं भंगार ठेवायची एक अंधारी खोली. सगळं एका पातळीवर. एकदा उंबरा ओलांडला की घर संपेपर्यंत पाय उचलावा लागत नाही. हे तेवढं ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

बाई सकाळी दोन गल्ल्या पलीकडच्या एक्स-रे सेंटरमध्ये काम करायची. आलेल्याचं नाव लिहून घ्यायचं, दुखरा हात अलगद फळीवर ठेवायचा, श्वास रोखा म्हणून सांगायचं. यंत्राला हात लावायचा मान तिला नव्हता. तो मान तिला हवा होता. एका दूरच्या विद्यापीठाची घरबसल्या करायची पदवी होती, ती घेतली की तंत्रज्ञ होता येत होतं. अट एकच, आधी विद्यापीठाचा अभ्यासाच्या इंग्रजीचा ऑनलाइन कोर्स पास व्हायचा. नापास झालं की तुमची जागा रांगेतल्या पुढच्याला. दुसरी संधी नाही.

दुपारी ती भंगाराच्या खोलीत एका उपड्या पिंपावर लॅपटॉप ठेवायची आणि मला डोक्यावर चढवायची. वर्गात मास्तरीणबाई, आणि देशोदेशीचे दहा-बारा जण. त्यांतला एक ट्रकवाला ट्रक रस्त्याकडेला लावून केबिनमधूनच शिकायचा. त्याच्या बोलण्यामागं सतत गाड्या जात असायच्या.

दुकानात, दवाखान्यात चालतं ते इंग्रजी बाईला येत होतं. हे निराळं होतं. यात आधी म्हणणं मांडायचं, मग त्याला पुरावा द्यायचा, पुरावा कुठून आणला ते सांगायचं, आणि पुराव्याच्या पुढं एक पाऊल टाकायचं नाही. जिथं शंभर टक्के खात्री नाही तिथं ‘आहे’ म्हणायचं नाही, ‘असावं’ म्हणायचं. ‘असं दिसतं’, ‘काही अंशी’, ‘शक्यता नाकारता येत नाही’. बाकीच्यांच्या नाकी नऊ आले. ट्रकवाला म्हणाला की मी असं बोललो तर ब्रेक लावेपर्यंत गाडी भिंतीत जाईल. माझ्या बाईला मात्र या धड्यात पैकीच्या पैकी. कसे नाही पडणार? घरात ती वर्षानुवर्षं हेच बोलत आली होती. मीठ कदाचित माझ्याकडूनच कमी पडलं असेल. तुमचं बरोबर असावं, मलाच नीट आठवत नसेल.

मास्तरीणबाईंनी तिच्या निबंधाखाली शेरा लिहिला, तो बाईनं हळू आवाजात स्वतःलाच वाचून दाखवला. तुमची भाषा फार सांभाळून आहे, पण तुमचं स्वतःचं म्हणणं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

आता टीव्हीबद्दल सांगतो. मधल्या खोलीत सासूबाई टीव्ही बघत बसायच्या. थोड्या बहिऱ्या होत्या, पण आवाज बेताचाच ठेवायच्या. तो एकदम वाढला की मी समजायचो. बाईचं बोट आधीच बटणावर गेलेलं असायचं. तांबडा दिवा लागायचा, मग दार उघडायचं, मग मार. फाटकवाला तोंडानं फार बोलायचा नाही. लोखंडाशी वागायचा तसाच माणसाशी वागायचा, वाकेपर्यंत ठोकायचं. केस धरून डोकं पिंपावर आपटायचा. पोटात गुडघा घालायचा. आणि मी तिच्या गळ्यात लोंबकळत सगळं ऐकायचो, पलीकडे एक अक्षर न सोडता. टीव्हीवर कुणीतरी हसत असायचं.

एकदा तो येऊन उभा राहिला तेव्हा ती मास्तरीणबाईंना उत्तर देत होती. त्यानं थोडा वेळ ऐकून घेतलं.

“माझ्या घरात मला कळणार नाही असं बोलायचं नाही,” तो म्हणाला.

“अहो, परीक्षेचं आहे. झालंच आता.”

तिनं बटण दाबलं. त्यानं कोपऱ्यातली लोखंडी पट्टी उचलली. डोक्यावर येणारा घाव अडवायला तिनं डावा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज फार लहान असतो, वाळकी काडी मोडावी एवढाच. त्यानंतर ती ओरडली तो आवाज मोठा होता. माझ्या कानात मास्तरीणबाई निबंधाची सुरुवात कशी करावी ते समजावून सांगत होत्या. त्यांना काही म्हणजे काही ऐकू गेलं नाही. मी माझं काम चोख केलं होतं.

ती तशीच सेंटरवर गेली, मी गळ्यातच. तिथल्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, पण कामात बुडालेल्या. कशानं झालं म्हणून विचारलं. बाई म्हणाली, जिन्यावरून पडले. त्यांनी मान वर न करता लिहून घेतलं.

हात प्लॅस्टरमध्ये गेल्यावर तिला वेणी घालता येईना. सासूबाई न सांगता कंगवा घेऊन मागं बसल्या. या दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलत. त्या दिवशी केस विंचरता विंचरता सासूबाईंचा उजवा हात बाईच्या खांद्यावरून पुढं आला. तिनं तो धरला आणि कोपर-मनगटाच्या मधे बोटानं चाचपला. तिथं हाडावर एक टेंगूळ होतं.

“आई, हा हात कधी मोडला होता?”

“झाली बरीच वर्षं. लग्नानंतर लगेच. पडले होते.”

“कुठं?”

कंगवा थांबला.

“जिन्यावरून,” सासूबाई म्हणाल्या.

घर हेच. जिना तेव्हाही नव्हता. मग कंगवा पुन्हा चालू झाला, जरा जास्तच हळू.

कोर्सच्या शेवटी प्रत्येकानं वर्गापुढं एक भाषण करायचं होतं. एक म्हणणं, त्याला पुरावे, आणि प्रश्नांना उत्तरं. यावरच पास-नापास. बाईनं विषय निवडला हातांच्या हाडांचा. माणूस पडतो तेव्हा हात टेकतो आणि मनगटाजवळ मोडतो. माणूस घाव अडवतो तेव्हा कोपर आणि मनगटाच्या मधलं करंगळीकडचं हाड मोडतं. सेंटरमध्ये हजार एक्स-रे हातांखालून गेल्यावर तिला हे दिसू लागलं होतं. आता तिनं त्यावरचे मोठमोठे लेख वाचून काढले. पण लिहिताना प्रत्येक वाक्यात ‘असावं’ आणि ‘दिसतं’. मी कान देऊन ऐकत होतो आणि माझाच जीव गुदमरत होता.

भाषणाच्या आदल्या दिवशी तिनं ट्रकवाल्याबरोबर सराव केला. तो काहीतरी गमतीचं बोलला आणि ती हसली. मी तिला हसताना क्वचितच ऐकलं होतं. फाटकवाल्यानंही ऐकलं. कोण आहे तो, एवढंच विचारून त्यानं मला तिच्या डोक्यावरून ओढलं, वर्कशॉपमध्ये नेलं आणि ऐरणीवर आपटलं. मग बुटानं तुडवलं. मग आत जाऊन तिच्याकडे वळला, पण ते मला वर्कशॉपमधून नीट ऐकू आलं नाही. टीव्ही मोठा होता.

संध्याकाळी तिनं मला गोळा केलं. ओठ सुजलेला, एका हाताला अजून अशक्तपणा, तरी दांडा चिकटपट्टीनं बांधला, पट्टी सरळ केली, आवाज पाहिला, माइक पाहिला. बटण दाबलं, तांबडा दिवा लागला. तिनं सुस्कारा सोडला. दिव्यावर विश्वास ठेवला बिचारीनं. डबीच्या आत काय तुटलंय ते मला ठाऊक होतं. दिवा लागत होता, पण तोंड बंद होत नव्हतं. तिला ते सांगायची सोय माझ्यापाशी नव्हती.

दुसऱ्या दिवशी फाटकवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला फाटक बसवायला गेला होता. बाईनं भाषण सुरू केलं. तिचा कॅमेरा नेहमीसारखा बंद, पडद्यावर फक्त हाडांची चित्रं. उपलब्ध पुराव्यांवरून असं दिसतं की, म्हणून तिनं सुरुवात केली. तीनेक चित्रं झाली आणि वर्कशॉपचं शटर धाडकन वर गेलं.

फाटक बसलंच नव्हतं. त्यानं माप चुकीचं घेतलं होतं, कामाच्या मालकानं चारचौघांत काढू नये ते काढलं होतं, आणि ते सगळं घेऊन तो घरी आला होता. मधल्या खोलीतला टीव्ही वाढला. बाईनं बटण दाबलं, तांबडा दिवा बघितला आणि उभी राहिली.

पहिली थप्पड डाव्या कानावर बसली. कानावर मी होतो. माझी प्लॅस्टिकची वाटी फुटून तिच्या कानात घुसली, आत काहीतरी फाटलं, आणि आम्हा दोघांचा डावा कान त्याच क्षणी गेला. ती पिंपावर कोसळली. त्यानं तिला केसांनी उचललं, भंगारावर फेकलं. पत्र्याच्या कडेनं तिची कोपरं सोलली. मग त्यानं वायर धरली. माझी वायर. तिच्या गळ्याभोवती एक वेढा दिला आणि ओढली.

माझं आयुष्य शिव्या ऐकण्यात गेलं, पण इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिच्या घशातला आवाज माझ्या माइकला अगदी चिकटून येत होता. आणि तो सगळा पलीकडे जात होता. माझ्या उजव्या कानात वर्ग एकदम गप्प झाला होता. मग ट्रकवाला ओरडू लागला. मास्तरीणबाईंनी त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, कुणी वर्ग सोडू नका, रेकॉर्डिंग चालू आहे, मी हिच्या गावी फोन लावतेय. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यात बाईनं सेंटरच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिलेला होता.

तेवढ्यात टीव्ही बंद झाला.

घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात जाळीसाठी कापलेली चौकोनी सळई. पुढं काय होणार, ते फाटकवाल्याला कळलं नाही. आईनं असं काही करणं त्याच्या हिशेबातच नव्हतं. सळई वर गेली तेव्हा त्यानं वायर सोडली आणि डोकं वाचवायला हात आडवा धरला. आणि मला पुन्हा तो आवाज ऐकू आला, वाळक्या काडीचा.

तो खाली बसला. सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. सळई अजून उगारलेलीच होती.

“तुझ्या बापाच्या वेळी आवाज वाढवायला टीव्ही नव्हता,” त्या म्हणाल्या. “तू सगळं ऐकायचास.”

बाई खोकत, रांगत लॅपटॉपपाशी आली. गळ्याभोवती मी तसाच. उजव्या कानात मास्तरीणबाई पुन्हा पुन्हा तिचं नाव घेत होत्या. आम्ही सगळे ऐकतोय, त्या म्हणाल्या. सगळं ऐकलंय. बाईनं तांबड्या दिव्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा दिव्याकडे. तिनं बटण परत दाबलं नाही.

डॉक्टरीणबाई आणि एक हवालदार धावतच आले. डॉक्टरीणबाईंनी बाईचा कान पाहिला, गळा पाहिला, आणि मग फाटकवाल्याचा लोंबणारा हात. सवयीनं त्यांच्या तोंडून प्रश्न निघून गेला, हे कशानं झालं?

आता आईनं मारलं म्हणून कोण सांगणार? त्याचा चेहरा लालबुंद झाला.

“पडलो,” तो म्हणाला.

“कुठं?”

“जिन्यावरून.”

डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरात आल्या होत्या. त्यांनी मान वर करून इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, दारातून मधल्या खोलीत पाहिलं. हवालदारही बघू लागला. मग डॉक्टरीणबाई खाली बघू लागल्या.

“या घराला जिना नाही,” माझी बाई म्हणाली. आवाज घोगरा झाला होता, पण शब्द एकेक सुटा होता. “माझा हात यानं मोडला. आईंचा हात सासऱ्यांनी मोडला. याचा हात आत्ता आईंनी मोडला. मला ठार मारत होता म्हणून मोडला.”

त्यात एकही ‘कदाचित’ नव्हतं. हवालदार घुटमळला. म्हातारीचंही नाव लिहायचं का, म्हणून त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी सळई भिंतीला टेकवली, पदर सारखा केला.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “तिनं सांगितलं तसंच लिहा.”

पुढचं थोडक्यात सांगतो. खटला चालू आहे. फाटकवाल्यावर आहे, आणि सासूबाईंवरही एक कलम लागलंय. त्या प्रत्येक तारखेला धुतलेलं लुगडं नेसून जातात. रेकॉर्डिंग तिथं वाजवून दाखवलं तेव्हा वकीलसुद्धा खाली बघत होते म्हणे. विद्यापीठानं बाईला भाषणाची वेळ पुन्हा दिली. कानाला पट्टी बांधूनच तिनं ते केलं, आणि कॅमेरा चालू ठेवला. पुरावे म्हणून तिनं दोन एक्स-रे दाखवले, एक स्वतःचा, एक सासूबाईंचा. तिसऱ्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून तिथं रिकामी चौकट ठेवली. मास्तरीणबाईंनी प्रश्न विचारले, आणि जिथं शंका होती तिथंच ती ‘असावं’ म्हणाली. ती पास झाली. आता पदवीचं पहिलं वर्ष आहे.

डाव्या कानानं तिला अजून नीट ऐकू येत नाही. माझाही डावा गेलेलाच आहे, त्यामुळे आमचं बरं जमतं. मध्यंतरी ती मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली होती, दांड्यासाठी. त्यानं उघडून पाहिलं आणि म्हणाला, म्यूट काम करत नाही, लगेच करून देतो. बाई म्हणाली, ते राहू द्या.

माझंही एवढंच मागणं आहे. मला फेकायचं तर खुशाल फेका, जुना झालोय. पण तुमच्या घरी कुणी असं गप्प बसायचं विसरलं असेल, तर त्याला दुरुस्तीला टाकू नका.

मी सध्या खिळ्याला टांगलेला असतो. ही खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे, दोघींनी मिळून घेतलेली. खाली शिलाई यंत्रं चालतात, वर सासूबाई टीव्ही बघतात, आवाज बेताचा. वर यायला लाकडी जिना आहे, अरुंद आणि चांगलाच उभा, एक पायरी तर सैलच आहे. दोघी दिवसातून कितीदा तरी त्यावरून ये-जा करतात, हातात भाजीच्या पिशव्या घेऊन, कधी अंधारात, कधी घाईत. अजून कुणी पडलेलं नाही.